रॅम घ्यायला धावू नकोस, आधी आकडे बघ

अगं, आधी माझं ऐक. दुकानात जाऊ नकोस आणि आईकडे पैसेही मागू नकोस. सॉफ्टवेअर टाकताना मध्येच अडलं, पडद्यावर ‘मेमरी पुरेशी नाही’ अशी चौकट आली, एवढ्यावरून लॅपटॉप टाकाऊ ठरत नाही. बाबांनी घेऊन दिलेलं मशीन कमी पडलं, आता वर्गातल्या सगळ्या पुढे जाणार आणि मी मागे राहणार, हेच काल रात्रभर तुझ्या डोक्यात फिरत होतं ना? ते जरा बाजूला ठेव. मी कॉलेजच्या लॅबमध्ये काम करते. नवीन वर्ष सुरू झालं की अँड्रॉइड स्टुडिओ नाहीतर डेटाबेस टाकायला बसलेल्या मुली हीच चौकट घेऊन माझ्याकडे येतात. त्यातल्या बऱ्याच जणींना नवीन रॅम लागतच नाही.

हॉस्टेलला राहणाऱ्या मुलीसाठी रॅमची एक पट्टी म्हणजे महिन्याच्या मेसचे पैसे, हे तर आहेच. पण मला त्याहून जास्त लागतं ते वेगळंच. ही चौकट बघून मुली मशीनचं दुखणं स्वतःच्या अंगावर ओढून घेतात. ‘मॅडम, मला हे जमणार नाही बहुतेक,’ असं पहिल्याच आठवड्यात म्हणायला लागतात. जमण्या-न जमण्याचा इथे काही संबंध नाही गं. मशीन फक्त ‘कमी पडलं’ एवढंच सांगतं. काय कमी पडलं, कुणाला पडलं आणि कशामुळे, हे शोधणं आपलं काम. आणि शोधायला पैसे पडत नाहीत.

आपल्याकडे मोबाइलच्या दुकानात ‘१२८ जीबी मेमरी’ म्हणतात ती साठवणीची जागा. रॅम वेगळी. तुझ्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम आहे आणि २५६ जीबीची एसएसडी आहे. घरातला ओटा आणि कोठीची खोली असं समज. चालू स्वयंपाक ओट्यावर, भरून ठेवलेलं सामान कोठीत. सणाला ओटा भरला की आई काय करते? परात उचलून कोठीच्या जमिनीवर ठेवते. विंडोजही तेच करते. रॅम भरत आली की सध्या हाताशी नको असलेलं सामान डिस्कवरच्या एका फाइलमध्ये हलवते. तिला पेज फाइल म्हणतात आणि ती बहुतेक सी ड्राइव्हवर असते. आता कोठीतच पाय ठेवायला जागा नसेल तर परात ठेवणार कुठे? सी ड्राइव्ह गच्च भरला असेल तर पेज फाइलला वाढायला जागा मिळत नाही. मग रॅम ठीकठाक असूनही ‘मेमरी संपली’ असं येतं. म्हणून माझ्याकडे कुणीही ही तक्रार घेऊन आलं की मी सगळ्यात आधी सी ड्राइव्ह बघते, रॅम नंतर.

यातून एक फसवणूक होते, कुणी मुद्दाम करत नसलं तरी. दुकानातले दादा ८ च्या जागी १६ जीबी करून देतात. विंडोज कार्यक्रमांना जेवढी मेमरी देऊ शकते ती रॅम आणि पेज फाइल मिळून, त्यामुळे रॅम वाढवली की एकूण मर्यादाच वाढते. चौकट जाते. सगळ्यांना वाटतं, बघा, दोष रॅमचाच होता. सी ड्राइव्ह मात्र तसाच तुडुंब राहतो, आणि दिवाळीनंतर तीच मुलगी पुन्हा दारात उभी असते. दादांना मी वाईट म्हणत नाही. त्यांच्यापुढे रांग असते आणि पट्टी घालून देणं हा सगळ्यात झटपट उपाय. पण तुझ्याकडे वेळ आहे आणि पैसे नाहीत, तर तू तुझ्या बाजूने विचार कर.

आता त्या चौकटीकडे येऊ. तू मला फोनवर म्हणालीस, ‘ताई, मेमरीचं काहीतरी आलं.’ काहीतरी नाही चालत गं. शब्द न् शब्द हवा आणि कंसात एखादा आकडा असेल तर तो हमखास हवा. विंडोजमध्ये प्रत्येक त्रुटीला क्रमांक असतो. ८ आणि १४ म्हणजे मागितलेली मेमरी मिळाली नाही. ११२ म्हणजे डिस्कवर जागा नाही, तिथे रॅमचा काही संबंधच नाही. १४५५ म्हणजे पेज फाइल पुरत नाही. पायथनमध्ये मशीन लर्निंगची मोठी पॅकेजं वापरणाऱ्या मुलींना हा १४५५ फार भेटतो. आणि शब्दांवरही डोळे मिटून विसंबू नकोस. क्रमांक ८ चा अर्थ मेमरी अपुरी असा असूनही विंडोज कित्येक वर्षं त्या क्रमांकासोबत ‘पुरेसं स्टोरेज नाही’ असं वाक्य दाखवत आली. वाचणारा बिचारा फाइली पुसत बसायचा. शिवाय सॉफ्टवेअर बनवणारे आपापल्या चौकटी स्वतः लिहितात. कुणी डिस्कच्या जागेलाही मेमरीच म्हणतं. म्हणून वाक्यापेक्षा आकडा खरा.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाब. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. वरचा मोठा आलेख बघून घाबरू नकोस. विंडोज मोकळी रॅम उगाच पडू देत नाही, तीही वापरत असते. खाली ‘कमिटेड’ असं लिहिलेलं असेल आणि पुढे दोन आकडे, समजा ७.६ आणि ९.१. दुसरा आकडा म्हणजे रॅम आणि पेज फाइल मिळून एकूण मर्यादा, पहिला म्हणजे त्यातली देऊन झालेली. इन्स्टॉल चालू असताना ही खिडकी बाजूला उघडी ठेव आणि पहिला आकडा कुठवर चढतो ते बघत राहा. दुसऱ्याला जाऊन भिडला आणि तेवढ्यात चौकट आली, तर मेमरी खरोखर संपली. पहिला अर्ध्यावरच असताना चौकट आली, तर दोष दुसरीकडे आहे आणि रॅम घेऊन काही होणार नाही. ही एवढी एक गोष्ट बघितलीस तरी निम्मं काम झालं. तू नंतर बघणार असशील तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीमच्या नोंदींत २००४ क्रमांक शोध. मेमरी खरंच संपत आली असेल तर विंडोज तिथे नोंद करते, आणि त्या वेळी सगळ्यात जास्त मेमरी कोणते कार्यक्रम खात होते त्यांची नावंही देते. बहुतेक वेळा ब्राउझर निघतो.

समजा, मेमरी खरोखर संपली. तरी लगेच रॅम नको. मशीन रीस्टार्ट कर. बंद करून चालू नव्हे, रीस्टार्ट, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर बंद करताना विंडोज पूर्ण बंद होत नाही. मग ब्राउझर, व्हॉट्सअ‍ॅप, मीटिंगवाली अ‍ॅप्स, काही न उघडता नुसता इन्स्टॉलर चालव. पेज फाइल कुणी हाताने आखडून ठेवली असेल तर ती पुन्हा विंडोजच्या हवाली कर. ‘पेज फाइल बंद करा, लॅपटॉप पळायला लागेल’ असं सांगणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. त्यांचं ऐकू नकोस.

व्हिडिओंवरून सांगते. लॅबमध्ये एक मुलगी आली होती, लातूरकडची, फार हुशार पोरगी. तिच्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम, पण वापरण्याजोगी फक्त २ जीबी दिसत होती. काहीच टाकता येईना. एका ठिकाणी तिला मदरबोर्ड गेलाय म्हणून सांगितलं होतं. तिने घरी कळवलंही नव्हतं, नुसतीच रडत होती. टास्क मॅनेजरमध्ये ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ च्या पुढे जवळजवळ ६ जीबी दिसले, तेव्हाच माझ्या लक्षात आलं. वेग वाढवायच्या कुठल्याशा व्हिडिओत सांगितलं म्हणून तिच्या भावाने एमएस-कॉन्फिगमध्ये बूटच्या प्रगत पर्यायांत ‘मॅक्झिमम मेमरी’ वर खूण करून आकडा भरला होता. ती सोय मशीनला कमी मेमरीत चालवून तपासण्यासाठी आहे, वेगासाठी नाही. खूण काढली, रीस्टार्ट केलं, सगळी रॅम परत दिसायला लागली. मदरबोर्ड ठणठणीत होता. तुझ्याकडे ८ पैकी ७.४ किंवा ५.९ वापरण्याजोगी दिसली तर मात्र घाबरू नकोस. ग्राफिक्ससाठी वेगळी मेमरी नसलेल्या लॅपटॉपमध्ये थोडी रॅम चित्र दाखवण्यासाठी राखून ठेवलेली असते.

आता सी ड्राइव्ह. तुझा डी ड्राइव्ह रिकामा आहे आणि तू इन्स्टॉल तिकडेच करत होतीस, तरी सी ची जागा लागते. इन्स्टॉलर आधी स्वतःला उलगडतो, आणि तेही सी वरच्या टेम्प नावाच्या फोल्डरमध्ये. १ जीबीची डाउनलोड केलेली फाइल उलगडल्यावर तिप्पट-चौपट होऊ शकते. मग त्यातून नेमून दिलेल्या जागी नक्कल होते. म्हणजे काही काळ एकच सामान दोन ठिकाणी असतं. कंपनीच्या पानावर ‘४ जीबी जागा हवी’ लिहिलं असेल तर मी सी वर निदान त्याच्या दुप्पट मोकळी करून घेते.

जागा करताना जपून. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबलीस की छोटी चौकट येते. तिथे टक्क्याचं चिन्ह, टेम्प, पुन्हा टक्क्याचं चिन्ह असं इंग्रजीत लिही. उघडेल ते फोल्डर बिनधास्त रिकामं करता येतं. जी फाइल वापरात असेल ती पुसली जाणार नाही, ती सोडून दे. सेटिंग्जमध्ये स्टोरेजच्या खाली तात्पुरत्या फाइलींची यादी मिळते. त्यात मागच्या विंडोजची उरलेली प्रत दिसली तर ती एकटीच कित्येक जीबी परत देते. पण त्याच यादीत तुझं डाउनलोड्सचं फोल्डरही असतं. त्यावर न बघता खूण केलीस तर नोट्स, फीची पावती, हॉल तिकीट, सगळं जाईल. आणि विंडोजच्या आत इन्स्टॉलर नावाचं एक लपवलेलं फोल्डर असतं, बऱ्याच जणी ते मोठं दिसतं म्हणून पुसतात. त्याला हात लावायचा नाही. पुढे कुठलंही सॉफ्टवेअर काढताना किंवा दुरुस्त करताना विंडोजला तेच लागतं.

सीही मोकळा आहे आणि कमिटेडचा आकडाही खाली आहे, तरी चौकट येतेय, असंही होतं. मग कार्यक्रमाची स्वतःची मर्यादा बघायची. ३२ बिटच्या विंडोजवर एका कार्यक्रमाला साधारणपणे २ जीबीच्या वर पत्ताच मिळत नाही, आणि सगळ्या मशीनला मिळून ४ जीबीच्याही आत, मग खाली १६ जीबीची पट्टी असो. घरचा जुना डेस्कटॉप असाच असणार. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ उघडून सिस्टीम ३२ ची की ६४ ची ते वाच. तुझा लॅपटॉप विंडोज ११ चा आहे, ती ३२ बिटमध्ये येतच नाही, त्यामुळे सिस्टीमची काळजी नको. पण त्यावर ३२ बिटचा जावा टाकलेला असू शकतो. ‘ऑब्जेक्ट हीपसाठी जागा राखता आली नाही’ अशा अर्थाचं वाक्य आलं की तो काढून ६४ बिटचा टाक.

पीएचपीमध्ये एका स्क्रिप्टने किती मेमरी घ्यावी याची मर्यादा आधीच लिहून ठेवलेली असते, सहसा १२८ एमबी. मशीनमध्ये ८ जीबी असली तरी ‘मेमरी संपली’ येतं, कारण ती त्या १२८ मधली संपलेली असते. सेटिंगच्या फाइलीत एक ओळ बदलली की झालं. नोडचंही तसंच, त्याच्या हीपला, म्हणजे कामासाठी घेतलेल्या मेमरीला, वेगळी मर्यादा असते. पायथनमध्ये पिपने मोठं पॅकेज टाकताना मेमरी एरर आली तर कॅशे न करता, म्हणजे प्रत साठवून न ठेवता, टाकायचा पर्याय आहे, तो लावून बघ. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. आणि पुढे कधी भाड्याच्या छोट्या लिनक्स सर्व्हरवर काम करताना नुसतं ‘किल्ड’ एवढंच येऊन सगळं थांबलं, तर समज, तिथे मेमरी खरीच संपली होती आणि लिनक्सने मशीन वाचवायला तुझं काम बंद पाडलं.

फाइल अर्धवट उतरली असेल तरीही इन्स्टॉलर उलगडताना अडखळतो आणि काही वेळा मेमरीचंच नाव घेतो. हॉस्टेलचं वायफाय कसं आहे ते तूच सांगितलंस. फाइल कंपनीच्या मूळ पानावरून पुन्हा उतरव. तिथे हॅश, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का ते ओळखायची खूण, दिला असेल तर ताडून बघ. मैत्रिणीच्या पेनड्राइव्हवरची ‘फुल व्हर्जन’ नको, माझ्यासाठी तरी नको. खूप दाबून बांधलेल्या त्या प्रती उलगडायला जास्तीची मेमरी मागतात, आणि त्यात कुणी काय घालून ठेवलंय हे कळायला मार्ग नाही. विद्यार्थ्यांसाठी बहुतेक साधनं फुकट किंवा सवलतीत मिळतात, कॉलेजचा ईमेल त्यासाठीच आहे. रॅमच खराब असण्याची शक्यता थोडी, पण असते. त्याची खूण म्हणजे चौकट दर वेळी वेगळ्या जागी येते आणि मशीन मध्येच निळा पडदा दाखवतं. स्टार्टमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ शोध, रात्री लावून झोप, सकाळी निकाल मिळेल.

या चौकटीने लोकांना फसवणं काही आजचं नाही, आणि मला ते मुलींना मुद्दाम सांगावंसं वाटतं. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये प्रोसेसरला सगळी मिळून १ एमबी मेमरी दिसायची, त्यातली कार्यक्रमांच्या वाट्याला ६४० केबी. पुढे मशीनमध्ये ४-८ एमबी यायला लागली तरी डॉसचे कार्यक्रम त्या ६४० मध्येच जागा शोधायचे आणि मेमरी नाही म्हणून थांबायचे. विंडोज ३.१ मध्ये खिडक्या आणि चित्रं यांच्या नोंदींसाठी ६४ केबीचे छोटे कप्पे होते. ते भरले की रॅम मोकळी पडलेली असतानाही ‘मेमरी नाही’. आणि कमाल म्हणजे विंडोज ९८. तिच्यात ५१२ एमबीपेक्षा जास्त रॅम घातली की मेमरी अपुरी असल्याची त्रुटी यायची! फाइलींच्या कॅशेचा हिशेब एवढ्या रॅमसाठी केलेलाच नव्हता. कॅशे एवढी जागा अडवायची की बाकीच्यांना पत्तेच उरायचे नाहीत. उपाय होता एका फाइलीत कॅशेची कमाल मर्यादा लिहून देणं. रॅम जास्त झाली म्हणून मेमरी कमी पडली, असं तिथे खरंच घडलंय. मग ज्या माणसाने ती चौकट वाचून आणखी रॅम घातली असेल त्याचं काय झालं असेल, विचार कर.

तरीही सगळं बघून रॅमच लागते असं ठरू शकतं, आणि मी ते नाकारत नाही. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम चालते असं मायक्रोसॉफ्ट सांगतं, पण त्यावर आणखी काही टाकून काम करायचं तर ४ जीबीत जीव मेटाकुटीला येतो. अँड्रॉइड स्टुडिओला गूगल किमान ८ जीबी सांगतं, आणि सोबत एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपवरच चालणारा नकली फोन, चालवायचा तर १६. इथे तुझ्या कामाची गोष्ट अशी की एम्युलेटर लागतोच असं नाही. तुझा स्वतःचा फोन केबलने जोड, त्यात डेव्हलपरचे पर्याय उघडून यूएसबी डीबगिंग चालू कर, तुझं अ‍ॅप सरळ फोनवरच चालेल. सबमिशनला तेवढं पुरतं. गेल्या वर्षी कितीतरी जणींनी ८ जीबीवर असंच प्रोजेक्ट पुरं केलं.

आणि रॅम घ्यायचीच झाली तर तापकीर गल्लीतल्या दुकानांत जाण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ वाच. २ पैकी १ असेल तर एक पट्टी जोडता येईल. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच जोडलेली असते, वाढवता येतच नाही. तेव्हा मॉडेलचं नाव घालून कंपनीच्या पानावर खात्री कर. डीडीआर ३, ४ आणि ५ यांच्या खाचा वेगळ्या, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. घातल्यावर तिथेच मशीन चालू करून पूर्ण रॅम दिसते का ते बघ, मग पैसे दे. पक्कं बिल घे, वॉरंटीसकट. एकटी जाऊ नकोस, मैत्रिणीला सोबत ने. भीतीचं काही नाही, पण दोघी असलं की विचारायला संकोच वाटत नाही.

आज संध्याकाळी एवढंच कर. प्रोजेक्टचं फोल्डर पेनड्राइव्हवर घे, रीस्टार्ट कर, टास्क मॅनेजर उघडा ठेवून इन्स्टॉलर पुन्हा चालव. चौकट आली की पूर्ण पडद्याचा फोटो काढ, अर्धा नको. त्यात कमिटेडचे दोन्ही आकडे आणि चौकटीतला क्रमांक दिसला पाहिजे. सी ड्राइव्हची मोकळी जागा वेगळी लिहून पाठव. नऊनंतर मी मोकळी असते, फोन कर. रॅम घ्यायची की नाही ते आपण दोघी आकडे बघून ठरवू, आणि तोवर आईकडे पैसे मागू नकोस.